कायद्यात बसतं, पण रात्री समुद्रावरून नको

पत्र :
"आम्ही न्यू जर्सीत राहतो. माझे पती गेल्या वर्षी खासगी वैमानिक झाले, त्यांचे एकूण दीडशेच्या आसपास तास झालेत. सासू-सासरे साताऱ्याहून येताहेत. मेअखेरच्या लाँग वीकेंडला शुक्रवारी ऑफिस सुटल्यावर क्लबचं चार सीटचं सेसना १७२ घ्यायचं, आम्हा चौघांना नॅनटकेट बेटावर न्यायचं आणि रविवारी रात्री परतायचं, असा त्यांचा बेत आहे. रात्री समुद्रावरून जायची मला भीती वाटते. ते म्हणतात, परवाना आहे, हवामान चांगलं असेल तरच जाऊ, सगळं कायद्यात बसतं, जीपीएस आहे आणि या मार्गानं मी दिवसा जाऊन आलोय. जॉन केनेडी ज्युनियर यांच्या विमान अपघाताचं नाव काढलं की चिडतात. आई-बाबांसमोर मी नको म्हटलं तर त्यांचा हिरमोड होईल. मी उगाच घाबरतेय का? आणि त्यांना सांगायचं तर कसं?"
– एक वाचक, न्यू जर्सी

नमस्कार.

तुम्ही उगाच घाबरत नाही. या बेतात मी माझ्या घरच्या कुणालाही बसू दिलं नसतं. मी बरीच वर्षं फ्लाइंग क्लबात शिकवलं आहे, त्यामुळे लहान विमानांबद्दल किंवा नव्या वैमानिकांबद्दल मनात अढी धरून हे लिहीत नाही. तुमचे पती बेफिकीर आहेत असंही पत्रातून वाटत नाही. हवामान पाहूनच निघणारा माणूस आहे. पण ज्या धोक्याबद्दल आपण बोलतोय तो हवामानाच्या अहवालात लिहिलेला नसतो, आणि म्हणूनच काळजी घेणारी माणसंही त्यात सापडतात.

समुद्रावर एकच इंजिन, ते बंद पडलं तर? बहुतेकांना पहिली भीती ही वाटते. ती रास्त आहे, तिच्याकडे येतो. पण त्याआधी दुसरी गोष्ट समजून घ्या. इंजिन उत्तम चालू, विमान ठणठणीत, हवा शांत, आणि तरीही विमान पाण्यात जातं. कारण वैमानिकाचं क्षितिज हरवतं.

दिवसा आम्ही विमान सरळ ठेवतो ते बाहेर बघून. क्षितिजाची रेघ पंखांना समांतर आहे ना, नाकाच्या किती वर आहे, एवढं डोळ्यांना आपोआप कळत असतं. रात्री जमिनीवरून जाताना गावांचे, रस्त्यांचे दिवे ते काम भागवतात. समुद्रावर यातलं काहीच नसतं. हर्णै किंवा मालवणच्या किनाऱ्यावर अमावास्येच्या सुमारास उभ्या राहिला असाल तर आठवा. लांबवरचे ट्रॉलरचे दिवे कुठले आणि खाली आलेले तारे कुठले ते ओळखू येत नाही. पाणी कुठे संपलं आणि आकाश कुठे सुरू झालं ते सांगता येत नाही. किनाऱ्यावर पायाखाली वाळू असते, म्हणून काही बिघडत नाही. वैमानिकाला मात्र त्याच काळोखातून ठरवायचं असतं की आपण सरळ आहोत की कललेले, आणि एखाद्या बोटीचा दिवा तारा समजला गेला तरी तो त्याच्याशी विमान जुळवायला जातो.

मग शरीर काय सांगतं? इथे खरी मेख आहे. तोल कळण्यासाठी आपल्या कानात आत तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात, त्यांत द्रव असतो. तांब्यात पाणी घेऊन तांब्या गोल फिरवून पाहा. सुरुवातीला पाणी मागे राहतं, थोड्या वेळानं तांब्याबरोबर फिरायला लागतं, आणि तांब्या थांबवला तरी पाणी फिरतच राहतं. कानातही तेच होतं. वळण सुरू झालं की कळतं. तेच वळण वीसेक सेकंद एकसारखं चालू राहिलं की द्रव बरोबरीनं फिरू लागतो आणि कान सांगतो, 'आता सरळ आहोत.' मग खरोखर सरळ झालं की कान सांगतो, 'उलट्या बाजूला वळतोय.' शिवाय वळण अगदी सावकाश सुरू झालं, सेकंदाला दोनेक अंशांपेक्षा हळू, तर ते मुळात जाणवतच नाही.

विद्यार्थ्यांना मी हे करून दाखवत असे. डोळे मिट, मान खाली घाल आणि फक्त सांग, विमान काय करतंय. मी अलगद डावं वळण घ्यायचो. थोड्या वेळानं तो म्हणायचा, "सरळ." मी विमान सरळ करायचो, तो लगेच म्हणायचा, "उजवीकडे वळतोय." डोळे उघडल्यावर प्रत्येकाचा चेहरा पाहण्यासारखा असायचा. हुशार, धट्टीकट्टी, कुस्ती खेळलेली मुलंही फसायची. यात हिंमत, हुशारी, अनुभव यांचा काही संबंध नाही. माणसाचा कान तसाच घडलेला आहे.

आता विमानात हे असं घडतं. काळोखात विमान हळूच एका अंगाला कलतं, वैमानिकाला पत्ता नसतो. कललेलं विमान उंची गमावू लागतं. वैमानिकाला फक्त उंची कमी होताना दिसते, म्हणून तो नाक वर घ्यायला विमानाचा दांडा मागे ओढतो. पण विमान वळणात असल्यामुळे नाक वर येण्याऐवजी वळण आणखी घट्ट होतं, वेग वाढतो, उतरण वाढते. तो आणखी ओढतो. १९५४ मध्ये इलिनॉय विद्यापीठानं २० वैमानिकांवर एक प्रयोग केला होता. कुणालाच यंत्रांवर उडण्याचं शिक्षण नव्हतं. बाहेरचं दिसणं बंद केल्यावर विसाच्या विसांचा ताबा सुटला, सरासरी १७८ सेकंदांत. तीन मिनिटंही नाहीत.

केनेडींचं नाव काढल्यावर तुमचे पती चिडतात, कारण त्यांच्या मनात ती एका अननुभवी श्रीमंत तरुणाची गोष्ट आहे. चौकशीचा अहवाल वाचला तर ती गोष्ट त्यांना आपल्या फार जवळची वाटेल. १६ जुलै १९९९ ला राष्ट्राध्यक्ष केनेडींचे चिरंजीव जॉन केनेडी ज्युनियर न्यू जर्सीच्या एसेक्स काउंटी विमानतळावरून पत्नी आणि मेहुणीला घेऊन रात्री ८:३८ ला निघाले. तुमच्याच राज्यातून, तुमच्याच दिशेला. त्यांचे सुमारे ३१० तास झाले होते, त्यातले ५५ रात्रीचे. म्हणजे तुमच्या पतींच्या दुप्पट. त्याआधीच्या १५ महिन्यांत त्या भागात त्यांच्या ३५च्या आसपास फेऱ्या झाल्या होत्या, आणि प्रशिक्षकाशिवाय रात्री केलेल्या फेऱ्याही त्यांत होत्या. मार्ग पाठ होता. इन्स्ट्रुमेंट रेटिंगचा, म्हणजे बाहेर न बघता फक्त यंत्रांवर उडण्याच्या परवान्याचा, अभ्यासक्रम निम्मा झाला होता. विमान चांगलं होतं आणि त्यात ऑटोपायलट होता. किनाऱ्यावरच्या विमानतळांवर दृश्यमानता पाच ते आठ मैल होती, म्हणजे नियमात बसणारी. सगळं कायदेशीर होतं.

मार्थाज व्हिनयार्ड बेटाकडे जाताना सुमारे तीस मैलांचं पाणी ओलांडायचं होतं. अमावास्या होऊन तीन-चारच दिवस झाले होते आणि हवेत धुरकट थर होता. त्याच रात्री तशाच मार्गानं गेलेल्या इतर वैमानिकांनी नंतर सांगितलं, की पाण्यावर क्षितिज दिसतच नव्हतं. किनारा सातेक मैलांवर असताना विमान उजवीकडे वळलं, सरळ झालं, थोडं वर गेलं, मग डावीकडे, मग पुन्हा उजवीकडे. शेवटी ते मिनिटाला ४,७०० फुटांहून जास्त वेगानं खाली गेलं. इंजिनात दोष आढळला नाही. रात्री पाण्यावर खाली उतरताना दिशाभ्रम होऊन विमानावरचा ताबा सुटला, आणि त्याला धुरकट हवा व काळोखी रात्र यांची जोड मिळाली, असा अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाचा निष्कर्ष आहे.

हा अहवाल जाहीर आहे. तुम्ही वाद घालण्यापेक्षा पतींना तो एकदा शांतपणे पूर्ण वाचायला सांगा. वैमानिक माणूस दुसऱ्याच्या भीतीला बधत नाही, पण अपघाताचा अहवाल तो स्वतःला त्या सीटवर बसवून वाचतो.

"माझ्याकडे ग्लास कॉकपिट, म्हणजे डिजिटल पडद्यांचा कॉकपिट आहे, जीपीएस आहे," असं ते म्हणतील. जीपीएस तुम्ही कुठे आहात ते उत्तम सांगतं. पंख कललेत की नाहीत हे सांगायला कृत्रिम क्षितिज असतं, आणि ते बहुतेक विमानांत असतंच. प्रश्न यंत्र असण्याचा नाही. कान ओरडून सांगत असतो की आपण उजवीकडे कललोय आणि यंत्र म्हणत असतं सरळ आहोत. त्या क्षणी यंत्रावर विश्वास ठेवायचा, नजर एका यंत्रावर न खिळवता सगळ्यांवरून फिरवत राहायची आणि हे मिनिटामागून मिनिट करत राहायचं, ही वेगळी विद्या आहे. अमेरिकेत खासगी परवान्यासाठी तिचे तीन तास शिकवतात, तेवढ्यात ती फक्त तोंडओळख होते. इन्स्ट्रुमेंट रेटिंगला किमान ४० तास लागतात, ते याचसाठी.

ते शिकलेल्यांवरही काळोखा समुद्र काय वेळ आणतो ते मुंबईनं पाहिलं आहे. १ जानेवारी १९७८ च्या रात्री एअर इंडियाचं 'सम्राट अशोक' हे जंबो जेट सांताक्रूझहून दुबईला निघालं. उजवीकडचं वळण संपवून विमान सरळ झालं, कॅप्टनसमोरचं कृत्रिम क्षितिज मात्र विमान उजवीकडे कललेलंच दाखवत राहिलं. ते सावरायला म्हणून विमान डावीकडे कलवलं गेलं आणि उड्डाणानंतर दोन मिनिटांच्या आत ते वांद्र्याजवळच्या समुद्रात कोसळलं. २१३ माणसं गेली. यंत्र बिघडलं हे खरं. पण दिवस असता तर खिडकीबाहेर एक नजर टाकताच खोटं उघडं पडलं असतं. त्या रात्री बाहेर फक्त अंधार होता. ते तर अनुभवी वैमानिकांचं, दुसरी यंत्रं जवळ असलेलं विमान होतं. तुमच्या सेसनात एकटा माणूस असेल, दिवसभर ऑफिसात राबून आलेला.

कायद्याबद्दल. अमेरिकेत इन्स्ट्रुमेंट रेटिंग नसलेल्या वैमानिकाला नजरेच्या भरवशावर रात्री उडता येतं, हे तुमचे पती बरोबर सांगतात. भारतात मात्र सूर्यास्तानंतर अशा उड्डाणाला एरवी परवानगी नसते. स्थानिक उड्डाणं आणि फ्लाइंग क्लबांची प्रशिक्षणाची उड्डाणं यांनाच हवाई वाहतूक नियंत्रण कक्ष (एटीसी) सूट देऊ शकतो. समुद्र दोन्हीकडचा सारखाच काळा असतो, नियम वेगळे आहेत इतकंच. अमेरिकेच्या नियमात प्रवासी घेऊन रात्री उडण्यासाठी गेल्या ९० दिवसांत रात्रीची तीन उड्डाणं आणि तीन लँडिंग्ज झालेली असावी लागतात. ती गावाच्या दिव्यांवर, ओळखीच्या धावपट्टीवर घिरट्या घालून पुरी होतात. त्यातून समुद्राची तयारी होत नाही.

आता इंजिन. सेसना १७२ इंजिन बंद पडल्यावर दगडासारखं पडत नाही, ते तरंगत उतरतं. दर हजार फुटांमागे साधारण पावणेतीन किलोमीटर. ५,५०० फुटांवर असाल तर पंधराएक किलोमीटर मिळतात, तेही समोरून वारा नसेल तर. तीस मैलांच्या पाण्याच्या मध्यावर म्हणजे दोन्ही किनारे चोवीस किलोमीटरवर. हा हिशेब दिवसा वर चढून सुधारता येतो, आणि समजा पाण्यावर उतरावंच लागलं तरी दिवसा लाटांची दिशा दिसते, जवळपासची बोट दिसते. रात्री पाणी किती खाली आहे हेच कळत नाही. चाकं आत न घेता येणारं असं विमान पाण्याला लागलं की पुढच्या बाजूला उलटण्याची शक्यता असते, आणि मग उलट्या, बुडत्या, काळोख्या केबिनमधून चौघांनी बाहेर यायचं. त्यात साठी-सत्तरीची दोन माणसं, ज्यांनी लहान विमानाचं दार कधी उघडलेलं नाही. मेअखेरीला तिथलं पाणी अजून गार असतं. अशा पाण्यात पडल्यावर पहिलं मिनिटभर श्वासावर ताबा राहत नाही, आणि काही वेळातच बोटं दोर धरण्याच्या कामाची उरत नाहीत.

आणखी एक गोष्ट, जी पत्र वाचताना लगेच खटकली. चार मोठी माणसं आणि सामान. सेसना १७२ च्या टाक्या पूर्ण भरल्या तर माणसं आणि सामान मिळून साधारण अडीचशे किलोच उरतात. तुम्ही चौघांची वजनं बेरीज करून बघा. म्हणजे इंधन कमी घ्यावं लागेल, आणि रात्री समुद्राच्या पलीकडे धुकं निघालं तर परत फिरायला लागणारं हेच ते इंधन. नॅनटकेटचं धुकं प्रसिद्ध आहे. उन्हाळ्याच्या तोंडाला गार पाण्यावर उबदार हवा आली की ते चढतं, आणि बेट बघता बघता झाकून टाकतं.

उतरण्याबद्दल थोडक्यात. काळ्या पाण्यावरून उजळलेल्या धावपट्टीकडे येताना आपण फार उंच आहोत असं वाटतं आणि वैमानिक नकळत खाली खाली येतो. यावर उपाय आहे, आपण योग्य उंचीवरून येतोय का ते दाखवणाऱ्या धावपट्टीशेजारच्या लाल-पांढऱ्या दिव्यांवरच विश्वास ठेवणं. रविवारी रात्री बेटावरून उडताना उलटा भास होतो. धावपट्टी संपताच समोर पूर्ण काळोख, आणि वेग वाढल्यामुळे नाक फार वर गेल्यासारखं वाटतं. हात आपोआप दांडा पुढे ढकलतो, खाली पाणी असताना.

आता तुमचा दुसरा प्रश्न, सांगायचं कसं. सासू-सासरे येण्याआधी सांगा, दोघंच असताना. आई-वडिलांसमोर विषय निघाला तर तो लेकाच्या कर्तबगारीचा होईल आणि मग माघार घेणं त्यांना जड जाईल. मुलाच्या विमानात बसायचं म्हणून ते दोघं साताऱ्यात सगळ्यांना सांगून निघाले असतील. तो आनंद मोडू नका, फक्त वेळ बदला. असं म्हणून बघा : "तुझ्या विमानात मी बसणार आहे, आई-बाबाही बसतील. पण दिवसा. रात्री समुद्रावरून इन्स्ट्रुमेंट रेटिंग झाल्यावर." यात त्यांच्यावर अविश्वास नाही. उलट त्यांच्या पुढच्या शिक्षणाला तुमचा पाठिंबा आहे, आणि तो मनापासून द्या. त्या अभ्यासक्रमाला पैसे आणि शनिवार-रविवार दोन्ही लागतात. घरातून 'कर' असं कुणी म्हटलं तर माणूस लवकर सुरू करतो.

ते तरीही ऐकत नसतील तर तुम्ही बसू नका, आणि सासू-सासऱ्यांना कारण स्पष्ट सांगा. यात नवऱ्याचा अपमान नाही. विमानात पाय ठेवायचा की नाही हे ठरवायचा हक्क प्रवाशाचा असतो, आणि त्या दोघांना धोका कळण्याइतकी माहिती असणार नाही. ती त्यांना मिळाली पाहिजे.

बेत असा करा. शुक्रवार सोडा. मेअखेरीला सूर्य आठच्या सुमाराला मावळतो. पाच-साडेपाचला ऑफिस सुटून विमानतळावर पोहोचायचं, विमान तपासायचं, इंधन भरायचं, म्हणजे निघताना उजेड आणि पाण्यावर पोहोचेपर्यंत काळोख. शनिवारी सकाळी निघा. वाटेत कनेटिकट आणि ऱ्होड आयलंडचा किनारा धरून जा, वुड्स होलजवळून मार्थाज व्हिनयार्ड, तिथून नॅनटकेट. एका दमात ओलांडायचं पाणी असं पुष्कळ कमी होतं. पाण्याआधी उंची घेऊन ठेवायला सांगा. फ्लाइट प्लॅन भरायला सांगा, आणि एटीसीकडे फ्लाइट फॉलोइंग मागायला सांगा, म्हणजे रडारवर कुणीतरी तुमच्याकडे बघत असेल. केनेडींच्या त्या उड्डाणाचा फ्लाइट प्लॅन नव्हता आणि उड्डाणानंतर एटीसीशी बोलणंही नव्हतं.

लाइफ जॅकेट चौघांनी निघतानाच अंगात घालायचं, सीटखाली ठेवायचं नाही, आणि विमानाबाहेर पडेपर्यंत फुगवायचं नाही. १९९६ मध्ये कोमोरोस बेटांजवळ इथिओपियन एअरलाइन्सचं विमान समुद्रात उतरलं तेव्हा कितीतरी प्रवाशांनी आतच जॅकेटं फुगवली आणि पाणी शिरल्यावर ते छताला अडकले. सासूबाई साडी नेसणार असतील तर त्या दिवशी पंजाबी ड्रेस घालायला सांगा, पाण्यात साडी पायात गुरफटते. खिशात मावणारा पर्सनल लोकेटर बीकन, म्हणजे संकटात आपला ठावठिकाणा कळवणारं यंत्र, विकत घ्या, विमानातला बीकन पाण्याखाली गेला की त्याचा संदेश पोहोचत नाही. आणि कार्बन मोनॉक्साइड या इंजिनाच्या धुरातल्या विषारी वायूचा डिटेक्टर. जानेवारी २०१९ मध्ये फुटबॉलपटू एमिलियानो साला ज्या छोट्या विमानातून इंग्लिश खाडीवरून रात्री चालला होता ते समुद्रात कोसळलं. त्याच्या वैमानिकाकडे रात्रीचं रेटिंग नव्हतं, आणि केबिनमध्ये इंजिनाचा धूर शिरत होता. सालाच्या रक्तातलं ५८ टक्के हिमोग्लोबिन त्या वायूनं व्यापलेलं निघालं. डिटेक्टर मुठीत मावतो आणि महागही नाही.

परतीसाठी सोमवार धरा, सुटीच आहे. दुपारी तीन-चारपर्यंत विमान हवेत हवं. तोवर धुकं हटलं नाही तर विमान तिथेच ठेवून मुख्य भूमीवरच्या हायॅनिसला जाणारी फेरी बोट पकडायची आणि पुढे गाडीनं घरी यायचं. हे आजच ठरवा, चौघांच्या देखत ठरवा आणि फेरीच्या वेळा लिहून पर्समध्ये ठेवा. मंगळवारी ऑफिस आहे म्हणून निघालेल्या विमानांनी फार माणसं नेली आहेत.

पुढे रेटिंग झाल्यावर रात्री जायची वेळ आली, तरी पहिल्या काही वेळा शेजारी प्रशिक्षक असू द्या आणि सासूबाईंच्या कालनिर्णयात तिथी बघा. शुद्ध अष्टमीपासून पौर्णिमेपर्यंत संध्याकाळी चंद्र वर असतो, हवा स्वच्छ असेल तर पाणी आणि आकाश वेगळं दिसतं. वद्य पक्षात तो उशिरा उगवतो आणि अमावास्येच्या आगेमागे उपयोगाचा नसतो. त्या रात्री बेत पुढे ढकला.

अहवाल वाचून तुमच्या पतींना काही विचारायचं असेल तर त्यांनी मला जरूर लिहावं. रेटिंगचा अभ्यास कुठून सुरू करायचा हेही मी सांगेन.